प्रत परत करा

"सर, संशोधकांच्या ट्रेनिंगमध्ये तुम्ही दिलेल्या यादीतलं ते पुस्तक मिळतच नाहीये," पीएचडी करणारी शलाका बोटांनी लायब्ररीचा काउंटर वाजवत म्हणाली. "त्याचा संदर्भ घातल्याशिवाय गाईड सही देईनात. उद्या प्रबंध द्यायचाय!"

काउंटरमागे मला, ग्रंथपालाला, हसू आवरेना. "अगं, ते पुस्तक जगातच नाही! दर यादीत एक मी मनानंच रचून घालतो. जो शोधत येईल त्याला चहा पाजतो."

"गाईड तर म्हणाले, मी दोनदा वाचलंय!"

मग मला राहवेना. स्पीकरवर गाईडना फोन लावला. "सर, ते पुस्तक तुमच्याकडेच दिसतंय. आपली एकच प्रत आहे, परत करता का?"

पलीकडून घाईघाईत उत्तर आलं.

"तिला म्हणावं, तो संदर्भ राहू दे. सही घेऊन जा."

काउंटर वाजायचा थांबला. "सर, माझा चहा?"