मेजरबाईंचं मोजमाप

"दोन्ही हात समसमान," मेजरबाई म्हणाल्या. "हा जवान पुढच्या आठवड्यात तुकडीत परत. आता तू तपास, चिमणी."

आज चिमणीची परीक्षा होती. लष्करी फिजिओथेरपीच्या शेवटच्या परीक्षेत मेजरबाई आधी स्वतः रुग्ण तपासत, मग विद्यार्थ्याने तपासायचं. उत्तर जुळलं नाही तर नापास. त्यावर कुणी कुरकुरत नसे, कारण बाई आजवर चुकल्याच नव्हत्या.

पाठीमागे सगळे त्यांना 'एक्स-रे' म्हणत. व्हरांड्यातले बूट नुसते ऐकून त्या सांगत, "हा डावा गुडघा वाचवत चालतोय." दार उघडलं की खरंच तसाच माणूस आत येई. चिमणी थक्क होऊन बघत राही. असे हात आपल्याला कधी लाभतील का, एवढंच तिच्या मनात येई. हल्ली शिकवताना बाईंच्या उजव्या हातातून खडू निसटे. वर्ग जागा आहे का ते बघायची ती त्यांची युक्ती, असं मुलं समजत.

चिमणी जवानासमोर बसली. समोरासमोर बसलं की जवानाचा डावा हात तपासणाऱ्याच्या उजव्या हाताशी भिडतो. त्याने रेटायचं, आपण अडवायचं. "यंत्रं नंतर. पहिलं मोजमाप आपला हात," हे बाईंचंच वाक्य.

जवानाच्या मानेतली नस दुखावली होती. उजव्या हाताचा रेटा दणकट होता. डावा मात्र तिने सहज थोपवला. पुन्हा करून बघितलं, तरी तेच.

"बरा आहे हो मी, ताई," जवान हळूच म्हणाला. "तुकडीतली पोरं वाट बघतायत."

समसमान म्हटलं की दोघांची सुटका होती. पण याच हाताने तो उद्या एखाद्या जखमी सोबत्याला ओढून काढणार होता.

"मॅडम, डावा कमजोर आहे," ती कशीबशी म्हणाली.

मेजरबाईंनी जवानाला पुन्हा तपासलं. "मला समसमानच लागतोय."

"मला नाही, मॅडम."

आता वर्ष गेलंच, असं चिमणीने धरून टाकलं.

"तुझे दोन्ही हात दे," बाई म्हणाल्या. "रेट."

चिमणीने सगळा जीव एकवटून रेटलं.

"तुझा डावा जास्त जोरकस आहे. डावखुरी आहेस?"

"नाही, मॅडम."

मेजरबाईंनी आपल्या उजव्या हाताची मूठ वळून बघितली. मग त्यांनी जवानाला उठवलं, त्याच्या स्टुलावर स्वतः बसल्या आणि उजवा हात पुढे केला.

"पास झालीस. आता हा तपास."