गुणाजीचं नाक

सिद्धेशने चहाचा एक घोट घेतला आणि कप टेबलावर ठेवला. “दूध लागलंय, काका. तुम्ही कसे पिताय?”

गुणाजीने आपला कप तळापर्यंत रिकामा केला. “सखुबाईंच्या हातचा चहा आहे. टाकवत नाही,” तो म्हणाला.

दूध ताजं असो की करपलेलं, गुणाजीला दोन्ही सारखंच होतं. पण हे नव्या इंजिनीअरला ठाऊक नव्हतं. कारखान्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. आज नोकरीचा शेवटचा दिवस. संध्याकाळी शाल-श्रीफळ घेऊन कोपरीच्या घरी गेलं की सुटलो, असं तो मनाशी म्हणत होता.

डोंबिवली एमआयडीसीतल्या त्या कारखान्याच्या मागच्या आवारात पत्र्याखाली सॉल्व्हंटची, म्हणजे द्रव रसायनाची, पिंपं उभी असत. भोवती गुडघाभर उंचीचा सिमेंटचा कठडा होता. एखादं पिंप गळलंच तर माल कठड्याच्या आत राहावा, बाहेर नाल्यात जाऊ नये, एवढ्यासाठी. पण पावसाची झड आत येते आणि कठड्यात पाणी साचतं. ते व्हॉल्व्ह उघडून नाल्यात सोडायचं, आणि सोडण्याआधी त्यात माल मिसळलेला नाही ना, याची खात्री करायची. हा माल पाण्यात विरघळला की डोळ्यांना दिसत नाही. वास तेवढा येतो.

आणि वास म्हटलं की गुणाजी. अठ्ठावीस वर्षं तो कठड्यावर वाकून हुंगत आला होता. तो “सोडा” म्हणाला की पाणी सुटायचं. सिद्धेशने आल्या आल्या मीटर मागवायची गोष्ट काढली, तेव्हा मोठे साहेब हसले होते. “आपला गुणाजी आहे ना.” गुणाजीही हसला होता. त्या हसण्याची त्याला पुढे फार लाज वाटली.

कोरोनात त्याची बायको मीराबाई गेली. त्याच आजारात त्याचं नाक गेलं. दवाखान्यातून एकटाच घरी आला, कपाट उघडलं, तिची नेसती साडी तोंडाशी धरली. कसलाच वास आला नाही. तिला पोचवतानासुद्धा तो इतका रडला नव्हता.

साहेबांना सांगितलं असतं तर त्यांनी घरी बसवलं असतं. आणि त्या घरात बसून त्याने करायचं काय होतं? तो गप्प राहिला. कठड्यावर वाकायचा, श्वास ओढायचा आणि देवाचं नाव घेऊन व्हॉल्व्ह फिरवायचा.

मग सखुबाई सापडली. कँटीनची सखुबाई रोज सकाळी किटली घेऊन कठड्याजवळूनच प्लांटकडे जायची. एकदा गुडघा आखडला म्हणून गुणाजी कठड्याशी मध्येच थांबला आणि त्याने वळून पाहिलं, तर तिने पदर नाकाला लावला होता. त्याने व्हॉल्व्हला हात लावला नाही. पंप लावून सगळं पाणी टँकरने सांडपाणी प्रक्रिया केंद्रात पाठवलं. त्यात काय होतं ते तपासायला कुणाला वेळ नव्हता, पण त्या रात्री तो कितीतरी दिवसांनी शांत झोपला.

तेव्हापासून पाऊस पडला की तो कठड्याच्या कडेने फेऱ्या मारत तिची वाट बघायचा. पदर वर गेला की पंप. पदर कमरेला खोचलेला असला की व्हॉल्व्ह. दोन वर्षांत पदर दोनदाच वर गेला.

आजही रात्रभर पाऊस झाला होता. मागच्या रांगेतली लाकडी फळी कुजून एक पिंप कललं होतं. त्याने ते दोनदा लिहून दिलं होतं. बाहेर, नाल्यात उघडणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी ऐन श्रावणात गवत पिवळं पडलं होतं. गंजाचं पाणी लागलं असेल, असं म्हणून तो कठड्याच्या कडेने चालत राहिला. सखुबाई किटली घेऊन शेजारून गेली. पदर कमरेला होता. त्याने व्हॉल्व्ह उघडला.

“सखुबाई, जरा थांबा,” त्याने हाक मारली.

ती मागे वळली. चेहरा ओढलेला होता.

“रुचिताचे पाय लई चिघळलेत, भाऊ. डॉक्टर म्हणतो चिखल्या आहेत. आता गुडघ्यापर्यंत आलंय. शाळेला जाताना नाला ओलांडावा लागतो ना पोरीला.”

“पावसाळ्यात होतातच चिखल्या. खोबरेल लावा,” गुणाजी म्हणाला. नातीशिवाय तिला कुणी नव्हतं. तिचा मुलगा दिपेश मीराबाईच्याच वर्षी, कोरोनात गेला होता. त्यावर दोघं कधी बोलले नव्हते.

“आज जातोय, म्हणून सांगतो,” तो म्हणाला. “ही गेली तेव्हापासून मला वास येत नाही. काहीच नाही. दोन वर्षं मी तुमच्या पदराकडे बघून व्हॉल्व्ह उघडतोय. तुमच्यामुळे माझी नोकरी राहिली आणि कुणाचं वाईट झालं नाही. उपकार विसरणार नाही तुमचे.”

सखुबाईने किटली खाली ठेवली. पाणी पाइपातून नाल्याकडे धावत होतं. ती त्या पाण्याकडे बघत राहिली.

“भाऊ, मला तरी कुठं वास येतो? दिपेशबरोबरच गेला तो,” ती म्हणाली. “कँटीनचं काम जाईल म्हणून बोलले नाही कुणाला. तुम्ही कठड्याशी थांबलात, की तुम्हाला वास आला असं धरून मी पदर लावायची.”