सरांचे जाहीर आभार

"सर, आज रात्रीच्या शोमध्ये तुमचे आभार मानणार आहे," असा माझ्या जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो टीव्हीवर हसवत हसवत इतिहास शिकवतो. निवृत्त मास्तराला आणखी काय हवं? रात्री अकराला मी सगळा शेजारपाजार घरी गोळा केला.

बंदरातल्या हमालांवर झालेल्या गोळीबाराची गोष्ट त्याने अशी रंगवली, की हसणं विसरून सगळे पुढे सरकून ऐकू लागले.

"अहो, हे तुम्हीच शिकवलंत ना त्याला?" बायकोने कौतुकाने विचारलं.

मी खुशाल मान डोलावली.



तेवढ्यात तो म्हणाला, "गोळीबाराचा हुकूम कुणी दिला, एवढंच विचारलं म्हणून आमच्या सरांनी मला महिनाभर वर्गाबाहेर उभं केलं, आणि दारासमोरच वाचनालय होतं. थँक्यू, सर!"