धाकट्याची पिल्लं

“हे दोघेही नर आहेत,” प्राध्यापकांनी जाहीर केलं. “या विषयावर आता चर्चा नको.”

चर्चा झाली नाही. त्याच आठवड्यात धाकट्याने अंडी घातली.

मोठा आणि धाकटा हे दोन अ‍ॅक्सोलॉटल. पाण्यात राहणारे, सरड्याच्या बांध्याचे, गुलाबी. मानेभोवती पिसांसारखे कल्ले, आणि चेहऱ्यावर कायमचं हसू, जणू काही एक विनोद ठाऊक आहे पण सांगणार नाही. निवृत्तीच्या समारंभात विद्यार्थ्यांनी ते सरांना टाकीसकट भेट दिले होते. प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकाला एकदा तरी जिवंत प्राणी पाहायला मिळावा, असा त्यामागचा हेतू असावा. सरांची सारी नोकरी औषधात बुडवलेल्या मेलेल्या प्राण्यांच्या बरण्यांच्या सहवासात गेली होती.

बँकेत निघालेली बायको पर्स खांद्याला लावून टाकीपाशी थांबली. टाकीतल्या झाडांच्या पानापानाला काचेचे मणी चिकटले होते आणि प्रत्येकात एक काळा ठिपका होता.

“मोठा काय करतोय?” तिने विचारलं.

“खातोय.”

“काय?”

“अंडी.”

“बापाचं लक्ष आहे म्हणायचं,” ती म्हणाली आणि कामावर गेली.

एरवी प्राध्यापकांनीही मोठ्याला खाऊ दिलं असतं. पण आदल्याच रविवारी मुलगी येऊन गेली होती. तिची बाळंतपणाची रजा संपत आली होती आणि बाळाला दिवसभर कुठे ठेवायचं हा प्रश्न होता. आजीच्या निवृत्तीला अजून अवकाश होता. “मी आहे की घरी,” प्राध्यापक म्हणाले होते. त्यावर सगळे एकदम जेवणात रमले. शेवटी मुलगीच म्हणाली, “बाबा, रागावू नका. पण तुमच्या हाताखालून गेलेला एकही जीव आजवर उठून चालायला लागलेला नाही.” मग तिने पाळणाघरात नाव घातलं. प्राध्यापक मोठ्याने हसले होते. हसून झाल्यावर मात्र बराच वेळ चष्माच पुसत बसले होते.

आता त्यांनी बाह्या सरसावल्या. एकेक पान कापून मोठ्याच्या तोंडचा घास काढून घेतला. नळाचं ताजं पाणी अंड्यांना सोसत नाही, म्हणून घरात बादल्या भरून पाणी शिळं होऊ लागलं. काळे ठिपके लांबट झाले, वळवळले, आणि एके सकाळी स्वल्पविरामाएवढी पिल्लं पाण्यात लोंबकळू लागली. ती फक्त हलणारं अन्न खायची. ज्या माणसाने आयुष्यभर हलणाऱ्याला निपचित केलं, तो आता मिठाच्या पाण्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारे किडे जन्माला घालून ते ड्रॉपरने एकेका तोंडापुढे सोडू लागला. एक पिल्लू मेलं. प्राध्यापकांचा हात सवयीने बरणीकडे गेला, थांबला. ते त्यांनी कुंडीत पुरलं.

मग पिल्लांना पुढचे पाय फुटले आणि त्यांनी एकमेकांचे खाल्ले.

“परत येतात,” प्राध्यापक बायकोला म्हणाले. “तुटलेला पाय पुन्हा फुटतो यांना.”

“माझ्या वाट्या परत येतात का ते सांगा.”

वाट्या आल्या नाहीत. उलट पेले, बरण्यांची झाकणं आणि फुलदाणीही गेली, कारण प्रत्येक पिल्लाला स्वतंत्र खोली लागत होती. बायको पाणी प्यायच्या आधी पेल्यात डोकावू लागली.

“हा प्राणी मोठा होतच नाही,” प्राध्यापकांनी माहिती पुरवली. “आयुष्यभर पोरच राहतो.”

“त्याची मला सवय आहे.”

रजेच्या शेवटच्या रविवारी मुलगी बाळाला घेऊन आली आणि दारातच थबकली. टेबल, खिडकी, टीव्हीचं कपाट, सगळीकडे भांडी. प्रत्येक भांड्यात कोणीतरी हसत होतं.

“ही सगळी जिवंत आहेत?”

“बहुतेक सगळी,” प्राध्यापक ड्रॉपर न थांबवता म्हणाले. “जी गेली त्यांचं वाईट वाटतं.”

मुलीने बापाकडे पाहिलं. मेलेल्या प्राण्याविषयी या माणसाच्या तोंडून तिने आजवर फक्त आकृती आणि भाग ऐकले होते. तिने बाळ त्यांच्या खांद्यावर ठेवलं.

“जरा धरा. मी बाटली धुऊन येते.”

बाटली धुवायला फार वेळ लागला. बाळाने आजोबांची कॉलर मुठीत धरली, दोन सुस्कारे टाकले आणि ते झोपलं. स्वयंपाकघरातून मुलीचा आवाज आला. ती फोनवर होती.

“पाळणाघर ना? आमच्या बाळाचं नाव काढून टाका. नाही हो, तक्रार कसली? घरीच सोय झाली. हो, अनुभवी माणूस आहे. पुष्कळ पोरं वाढवलीत त्यांनी.”

प्राध्यापकांची छाती फुगली, पण बाळ त्याच छातीवर असल्याने त्यांनी ती बेताने फुगवली. अशा प्रसंगासाठी त्यांच्यापाशी भाषण तयार होतं. त्यात विज्ञान होतं, संयम होता, आणि कुटुंबीयांच्या संशयी वृत्तीवर स्वतंत्र परिच्छेद होता. त्यांनी तोंड उघडलं. कॉलरवरची मूठ किंचित सैल झाली. त्यांनी तोंड मिटलं आणि शेजारी बसलेल्या बायकोकडे पाहिलं.

“अगं,” ते ओठ न हलवता पुटपुटले, “माझ्या नाकावर माशी बसली आहे. तेवढी हाकल. हळू.”