आमच्यात जाळत न्हाईत

निलंग्याची एस.टी. फाट्यावर हॉर्न देऊन गेली आणि शिवप्पाच्या तळ्यातून एकही मासा वर आला नाही.

एरवी तो हॉर्न म्हणजे माशांच्या जेवणाची घंटा. त्याच वेळेला शिवप्पाची बायको सिद्धम्मा पेंडीची पाटी घेऊन काठावर यायची. गाडी उशिरा आली तर मासे उशिरा जेवत, आणि एस.टी.चा संप झाला तेव्हा त्यांनीही उपास धरला, असं गावात सांगतात. निम्मं तरी खरं धरावं.

आज पाटी भरलेलीच राहिली. माशांची डॉक्टर तनुजा काठाशी उकिडवी बसली होती. तिनं हातातला रोहू उलटा केला. पोट लालभडक, टम्म फुगलेलं. खवले उभे राहिलेले.

"पाठीवरून तर झकास दिसत व्हते," शिवप्पा म्हणाला. तो चार हात लांब उभा होता. लिंगायताचं घर, जन्मात मासा खाल्लेला नाही. तळं खोदलं त्या दिवसापासून भावकीनं त्याच्या दारचं पाणी पिणं सोडलं होतं. हे मासे जगले तरच गावात तोंड दाखवायला जागा होती.

"जिवाणूचाच रोग आहे, काका. तपासणीत तेच आलं. पेंडीतून औषध दिलं होतं ना?"

"दिलं की. बरे झाले. मग पाऊस झाला, अन् पुन्हा तेच. पुन्हा दिलं, पुन्हा बरे. पुन्हा पाऊस, पुन्हा तेच. आता तर औषधाला बी मोजंनात."

"आता ते खातच नाहीत. औषध पोटात जाणार कसं?" तनुजा बोलता बोलता थांबली. "दर वेळी पावसानंतरच? काकू, मेलेले मासे कुठं टाकले?"

सिद्धम्माला ते लागलं. "टाकंल कोण, माय? पुरलेत. रीतीनं."

तिनं तनुजाला तळ्याच्या वरच्या अंगाला नेलं. शेतातलं पावसाचं पाणी तिथूनच तळ्यात उतरायचं. सगळा उतार इवल्या इवल्या ढिगांनी भरला होता. एकेका ढिगावर एकेक दगड, दगडावर विभूतीची बोटं, वर बेलाचं पान.

"आमच्यात माणूस गेलं की बसवून पुरतेत," सिद्धम्मा म्हणाली. "ह्यांना बी बसवाया गेले. पर बसंनातच मेले. मग आडवेच ठिवले."

तनुजाला हसू यायला हवं होतं. तिनं चपलेच्या टोकानं एक ढीग हलवला. माती भुसभुशीत होती. ढिगाच्या पायथ्याशी पाण्यानं पाडलेला बारीक ओघळ होता, तो सरळ तळ्यापर्यंत गेला होता. शेजारच्या ढिगाखालून तसाच दुसरा.

"काकू, रोग ह्यांच्याच अंगात होता," ती हळू म्हणाली. "पाऊस आला की इथलं सगळं धुऊन तळ्यात जातं. औषधानं बरे झालेल्यांना पुन्हा धरतं."

"म्हंजी... मी?"

तनुजानं चपलेनं हललेली माती पुन्हा ढिगावर सारली.

"मग आता?" मागोमाग आलेल्या शिवप्पानं विचारलं.

"सगळे बाहेर काढायचे. विकायचे नाहीत, कुणाला द्यायचे नाहीत. तळं उपसून चुना मारायचा, भेगा पडेपर्यंत वाळू द्यायचं. हे ढीगही उकरायचे." तनुजानं खाली बघितलं. "आणि सगळे जाळायचे."

"आमच्यात जाळत न्हाईत," सिद्धम्मा म्हणाली.

"पुरून झालंय की तुझं," शिवप्पा म्हणाला.

जाळं टाकलं. एकही मासा उसळला नाही. पाण्यावरचा पाला ओढून घ्यावा तसे सगळे आले. शिवप्पानं तुराट्यांची रास रचली, तिच्यावर मासे ओतले आणि काडी लावली.

आधी नुसता काळा, कडू धूर झाला. मग वारा फिरला, चरबी ठिबकू लागली आणि ज्या आळीत कधी अंडं शिरलं नव्हतं तिथं भाजल्या माशाचा वास शिरला. भावकीची दारं एकामागून एक लागली. कुत्री आली. म्हणतात, हद्द ओलांडून कर्नाटकातलीसुद्धा आली. शिवप्पा काठी घेऊन जाळाभोवती त्यांना हाकलत फिरू लागला.

सिद्धम्मा जाळासमोर बसून होती. सकाळपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. माशांची एकेक कातडी तडकत होती आणि ती रडत होती.

वाऱ्याचा एक झोत तिच्या अंगावर आला. जन्मात पहिल्यांदा त्या वासानं तिच्या तोंडाला पाणी सुटलं.

पदर डोळ्यांना लावावा की तोंडाला, तिला कळेना.