आंबूस वास

"साहेब, तुमचंच नाक लावून पाहा. मी सांगून काय फायदा?" रुखमाबाईनं पदर नाकाला लावला आणि नीलिमाच्या घराकडं बोट केलं.

साहेबांनी मोटरसायकल गल्लीच्या तोंडाशी लावली होती. वास खराच होता, गोडसर आणि आंबूस. घरी खाण्याचं करून विकणाऱ्यांची तपासणी करणं हे त्यांचं काम. मुलचेऱ्याकडच्या या गावातून तक्रार आली होती, की नीलिमा नावाची बाई मोहफुलाचे लाडू विकते म्हणते, पण आत भलतंच शिजतं. जिल्ह्यात दारूबंदी, आणि मोह म्हटलं की कोणाच्याही मनात पहिली दारूच येते.

तक्रार केली होती ती याच रुखमाबाईनं. गावच्या दारूबंदी समितीची ती अध्यक्ष. तिचा दरारा असा, की पिऊन आलेला गडी तिला लांबून पाहूनच बोळात शिरायचा.

"पोलिसांत का नाही गेलात?" साहेबांनी विचारलं.

"बापा! पोलिस आले का एक घर पाहून थोडेच जातात? सारी गल्ली उलथी करतात. अन् बाईमाणसाची इज्जत हाय ना साहेब. मी काय दुश्मन हाओ तिची? तुमी तिचा कागद तेवढा रद्द करा, बस झालं."

साहेबांना ते पटलं. बाई मोठ्या मनाची दिसत होती.

आधी चहा झाला, रुखमाबाईच्याच ओट्यावर. चहा काळा होता. कप विसळायला साहेब मागच्या अंगणाकडं वळले, तशी रुखमाबाई आडवी आली. "तिकडं नोका जाऊ. गोठ्यातली म्हैस लय मारकुटी हाय, म्हणूनच कुलूप लावून ठेवलं." मग तिनं स्वतःच कप विसळला, चपला घातल्या आणि ती साहेबांच्या पुढं चालू लागली.

नीलिमा चुलीपाशी तीळ भाजत होती. दारात साहेब पाहून तिच्या हातातला झारा खाली पडला.

"माय वं! साहेब, कागद हाय माह्यापाशी," ती घाईनं भिंतीकडं गेली. नोंदणीचं प्रमाणपत्र तिनं चौकटीत घालून देवाशेजारी लावलं होतं. नवरा हैदराबादेकडं बांधकामावर गेला होता, त्याचा पैसा कधी यायचा, कधी नाही. दोन लेकरांची शाळा आणि म्हाताऱ्या सासूचं औषध या लाडवांवर चालत होतं. कागद गेला, की पुन्हा लोकांच्या बांधीत धानाच्या रोवण्याला कंबर मोडायची. हे तिला ठाऊक होतं, आणि रुखमाबाईलाही.

"पाहा, हातातला झारा कसा पडला," रुखमाबाई दारातूनच बोलली. "चोराच्या मनात चांदणं असते साहेब."

"काकू, असं काऊन बोलता?" नीलिमाचे डोळे भरून आले.

"मंग एवढी फुलाची पोती कायले लागतात तुले? गावात दुसऱ्याले फूलच उरत नाई."

"लाडवाले नाई तं कायले? चंद्रपूरची दुकानं मागून राह्यली."

साहेबांनी पाण्याच्या हंड्यावरचं झाकण उचललं. नीलिमाची नखं पाहिली. पोत्यात हात घातला, तर फुलं वाळून मनुकांसारखी झाली होती, ओल म्हणून नव्हती. एकेक भांडं त्यांनी हुंगलं. पलंगाखाली वाकून पाहिलं. मागचं दार उघडून थोडा वेळ बाहेर थांबले, तर तिथं फक्त तुळस आणि वाळत घातलेले फ्रॉक. शेवटी एक लाडू तोंडात टाकून ते कितीतरी वेळ चावत राहिले. नीलिमाचा जीव त्यांच्या जबड्यात अडकला होता.

"पाकिटावर तारीख टाकत जा," ते म्हणाले. "केसांना फडकं बांधा. बाकी सगळं नियमात आहे."

नीलिमानं डोळ्याला पदर लावला. कोणी दुसरी असती तर इथं गप्प बसली असती. पण रुखमाबाईला राहवेना.

"अन् वास? वास तं हाय ना साहेब? का मी खोटी बोलून राह्यली?"

"नाही, तुम्ही खऱ्या आहात," साहेब म्हणाले. "वास आहेच. पण तो या घरात नाही, बाहेर गल्लीत आहे. दारूचं काम आमच्याकडं नसतं, म्हणून मघाशी मागच्या दारातूनच मी ठाण्यात फोन केला. गाडी निघाली आहे. आता एक घर सोडणार नाहीत ते." मग ते आदरानं म्हणाले, "अध्यक्षबाई, तुम्हीच फिरा त्यांच्यासोबत. तुमच्यासारख्या चार बाया असल्या तर आम्हाला कामच उरणार नाही."

नीलिमानं झालं गेलं पोटात घातलं आणि रुखमाबाईच्या हातात एक लाडू ठेवला. "घ्या काकू. तोंड गोड करा."

"येतोच मी," रुखमाबाई म्हणाली. "घरी चूल चालू हाय माही."

गल्ली संपेपर्यंत ती रोजच्यासारखीच चालली, ताठ मानेनं. एकाचा रामरामही घेतला. घरात शिरल्यावर तिनं कडी लावली, लाडू कोपऱ्यात फेकला आणि धावत मागं जाऊन गोठ्याचं कुलूप काढलं.

आत तिचा नवरा लटारू पेटत्या चुलीपुढं उकिडवा बसला होता, आणि मडक्याच्या नळीतून बाटलीत थेंब थेंब गळत होतं.

"अजी, उठा, इझवा ते लवकर! माह्याच तक्रारीवर पोलिसायची गाडी येऊन राह्यली!"