जुना फेरा

दर दहा मिनिटांनी कानातलं यंत्र अण्णांना विसरलेलं सांगे: ही तुमची मुलगी केतकी, तुमची बायको कुमुद वारली. दर दहा मिनिटांनी अण्णा नव्याने रडत. शेवटी केतकीला राहवेना. तिने नवा प्रोग्रॅम सुरू केला: ‘कुमुद भाजीला गेलीय, येईलच.’

अण्णा हसले. “मेथी आणेल बघ, नको म्हटलं तरी.”

आणि लगेच त्यांचा चेहरा पडला. जुना प्रोग्रॅम थांबवायचाच राहिला होता. तोही ठरल्या वेळी बोलला.

“कानात दोघं भांडताहेत गं. खरं कोण बोलतंय?”

केतकीने दोन्ही प्रोग्रॅम बंद केले, अण्णांचा हात हातात घेतला.

“आई गेली, अण्णा.”

ते तिच्या खांद्यावर रडले. घड्याळाकडे पाहत ती पुढच्या वेळेसाठी शब्द जुळवू लागली.